दौलतगीरचं मीठ

"वावरात नाही म्हंजे नाही," गोदाबाई म्हणाली. "सकायपासून हेच सांगून राहिली मी. तुमाले ऐकू येत नसंल तं कानात तेल घाला."

नत्थुजीला ऐकू चांगलं येत होतं. दौलतगीरलाही येत असावं, कारण तो तिथंच ओसरीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि भांडण त्याच्यावरूनच चाललं होतं. त्यानं बोलणं परवा सोडलं होतं, पेज काल सोडली होती. आज श्वास असा अडकत येत होता, की सून जयवंता चुलीवरची भाकर उलटली की दाराशी येऊन बघून जायची.

दौलतगीर आज नाही तर उद्या जाणार, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. तो गोसावी. गोसाव्याला जाळत नाहीत. बसवून पुरतात आणि भोवती मीठ भरतात. मिठाची गोणी तयार होती, बाजेच्या उशाशीच ठेवलेली होती. जागा तेवढी नव्हती.

"जागा होती," नत्थुजी म्हणाला. "त्या कोपऱ्याची गोष्ट तुह्यासमोर झाली होती."

"झाली होती. तवा तिथी पऱ्हाटी नव्हती. आन् तवा सीतादही झालं नव्हतं."

मुलगा भगवंत दारात बसून दावं वळत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, की अमरावतीत गोसाव्यांचा एवढा मोठा मठ आहे, माणूस त्यांचा, तर जागाही त्यांनीच द्यावी. आपण दहा वर्षं खाऊ घातलं. त्यावर गोदाबाई एकदम मुलावरच उलटली. खाऊ घातल्याचं तोंडानं बोलू नको म्हणाली. तो नसता तर तू आज इथं दावं वळत बसला नसतास. मग पुन्हा नवऱ्याकडे वळून, आवाज जराही न उतरवता म्हणाली, "पन वावरात नाही."

नत्थुजीला गाव अजून नाकेदारच म्हणत असे. नाका उठून मात्र बराच काळ झाला होता. वर्धा नदीच्या अलीकडे निजामाचं वऱ्हाड आणि पलीकडे भोसल्यांचा मुलूख होता, त्या काळातली ही नोकरी. बैलगाड्यांच्या उतारावर दोन्ही काठांना समोरासमोर एकेक नाका होता. मामानं तालुकदाराच्या कारकुनाकडे शब्द टाकला आणि मिसरूड फुटायच्या आत नत्थुजी अलीकडच्या नाक्यावर जाऊन बसला. पलीकडच्या नाक्यावर दौलतगीर होता. उंच, सडसडीत, केस मानेवर बांधलेला, आणि आवाज असा की नदीला पूर असला तरी या काठाला शब्द न् शब्द कळावा.

लमाणांचे तांडे कोकणातलं मीठ घेऊन यायचे आणि परतताना कापूस, गहू भरून न्यायचे. गोणीत काय आहे ते सांगणाऱ्याच्या तोंडावर सोडायचं नसतं. नाकेदाराकडे लांब लोखंडी सळई असायची, ती गोणीत खुपसून बघायची. मिठात ती करकरत जाते, गव्हात सरसरत जाते, कापसात मुकाट जाते. कापसात करकरली की समजायचं, आत मीठ लपवलंय. नत्थुजीचा एक नेम होता. आधीची गाडी पुरी मोकळी केल्याशिवाय मागची हातात घ्यायची नाही, मग मागचा कितीही बोंबलो. हा नेम पुढं त्याच्या अंगातच मुरला. आंघोळ झाल्याशिवाय देव नाही, देव झाल्याशिवाय भाकर नाही, एका भाजीचा घास संपल्याशिवाय दुसरीला हात नाही. गोदाबाई म्हणायची, नाका उठला पण माझ्या ताटातला काही उठला नाही.

पहिली काही वर्षं दोघं एकमेकांवर डोळा ठेवून असत. तिकडून सुटलेली गाडी इकडे पुन्हा खोलून बघायची, इकडून सुटलेली तिकडे. मग एका उन्हाळ्यात नदी आटली, नुसती एक धार उरली, आणि तंबाखू संपलेला दौलतगीर आपल्या बाजूच्या वाळूवर येऊन बसला. नत्थुजीनं धारेवरून पुडी फेकली. त्यानंतर दर उन्हाळ्यात संध्याकाळी दोघं तसेच बसायचे, आपापल्या सरकारच्या वाळूवर, मधे वीतभर पाणी. चिलीम तेवढी हद्द ओलांडायची.

"नत्थू, जलमभर लोकाचं मीठ अडवून राहिला तू," दौलतगीर म्हणायचा. "माह्या वाट्याचं तेवढं सोडून देजो."

"आधी मर तं खरं," नत्थुजी म्हणायचा.

भगवंत झाला तो भर पुरात. गोदाबाई झोपडीत अडली होती आणि सुईणीचं गाव पलीकडे होतं. दौलतगीरनं वाळल्या भोपळ्यांची सांगड बांधली, सुईणीला तीवर बसवलं आणि स्वतः पोहत ती ढकलत आणली. सुईण पुढं आयुष्यभर त्याला शिव्या देत होती. गोदाबाईनं मात्र त्या दिवसापासून त्याच्यापुढं कधी पदर ढळू दिला नाही आणि त्याच्या ताटात कधी शिळं वाढलं नाही.

नदी मढीही आणायची. पावसाळ्यात वरच्या अंगाला कुठं कोण बुडालं, कुठली दरड खचली, की चार दिवसांनी ते नाक्याखाली येऊन लागायचं. आणि मढं ज्याच्या काठाला लागेल त्या नाकेदाराच्या मागं चौकशी लागायची. कोण, कुठला, कसा मेला, साक्षीला कोण, वर कळवलं का. महिना महिना खेटे घालावे लागत. म्हणून दोन्ही नाक्यांवर एकेक लांब बांबू असायचा. मढं दिसलं की बांबूनं पुन्हा धारेला लावून द्यायचं. ते पलीकडे लागलं तर पलीकडचा बघून घेईल. तोही ढकलायचा. दोघं एकमेकांना ओरडून सांगायचे, तुमच्या सरकारचा पाहुणा आलाय, घ्या.

मग एका साली महामारी आली. दौलतगीरची बायको वरच्या अंगाच्या गावी माहेरी गेली होती, ती तिथंच गेली. गावात माणसं इतकी मरत होती, की नात्यातल्यांनी तिला घाईघाईनं नदीच्या दरडीतच पुरलं. निरोप उशिरा आला. तोवर पाऊस झाला होता आणि ती दरड खचून गेली होती. त्या आठवड्यात दोघांनी बांबूनं बरंच काही धारेला लावलं होतं. चेहरे कोणी बघत नसे.

दौलतगीरनं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. पण त्यानं बांबू मोडून चुलीत घातला. त्यापुढं जे मढं येईल ते तो बाहेर काढायचा, वर टेकाडावर न्यायचा आणि पुरायचा. चौकशी करणारे आले की त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहायचा. अलीकडच्या काठावरचा बांबू मात्र नाका उठेपर्यंत चालू होता. नत्थुजी ढकलायचा, दौलतगीर काढून घ्यायचा. दोघांत यावरून कधी शब्द झाला नाही. फक्त एकदा चिलीम परत देताना दौलतगीर म्हणाला, "मले पान्याच्या काठी ठेऊ नको, नत्थू. कुठीबी ठेव. पान्याच्या काठी नको."

इंग्रजांनी आधी वऱ्हाड घेतलं, पाठोपाठ नागपूर. दोन्ही काठ एकाच मालकाचे झाले, मग नाके कशाला? नत्थुजी भातकुलीच्या अलीकडे आपल्या गावी, आपल्या काळ्या जमिनीवर परतला. दौलतगीरला गाव नव्हतं. भोसल्यांच्या तिजोरीत खडखडाट होता, म्हणून कारभाऱ्यानं त्याच्या शेवटच्या पगारापोटी जप्तीतली मिठाची एक गोणी त्याच्या अंगावर टाकली. ती पाठीवर घेऊन तो नत्थुजीच्या दारात आला. दोन दिवस राहतो म्हणाला. ओसरीतला उजवा कोपरा त्याचा झाला तो झालाच. गोठा झाडायचा, नातवंडं सांभाळायचा, गोदाबाईशी भाजीवरून वाद घालायचा. गोणीला कोणी हात लावायचा नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटायचं, आणि आश्विनाचं ऊन पडलं की जयवंता ते अंगणात चादरीवर पसरून पुन्हा वाळवायची. म्हातारा बाजेवर बसून तिला सांगायचा, सूनबाई, जपून, माझं अंथरूण आहे ते. जयवंता हसायची.

जागाही त्यानं स्वतःच धरली होती. वावराच्या वरच्या अंगाला मुरमाड कोपरा होता, तिथं काही पिकत नसे, एक हिवराचं झाड होतं. पाणी जवळपास नव्हतं. तो म्हणाला इथं, नत्थुजी म्हणाला बरं.

मग विलायतेच्याही पलीकडे कुठं तरी लढाई लागली, तिथला कापूस बंद झाला, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. दोन वर्षांत गावात ज्वारी दिसेनाशी झाली. लोकांनी बांध फोडून, शेताच्या कडेचे धुरे खणून कपाशीची पऱ्हाटी लावली. गायरान नांगरलं. पांदणीवर एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट ठेवली. हिवर तोडून भगवंतानं गाडीचा आस केला, आणि यंदा मृगात त्या मुरमाड कोपऱ्यातही सरकी टाकली. नत्थुजी कुरकुरला तेव्हा दौलतगीरच म्हणाला, मी अजून जिवंत आहे ना, तोवर पेरा, मी काय आजच जाऊन बसतो तिथं? आणि राखणीलाही तोच जाऊन बसला.

चूक झाली ती नत्थुजीची. कार्तिकात बोंडं फुटली तशी दौलतगीरनं अंथरूण धरलं. बायका पुनवेनंतर सीतादही करणार होत्या. वेचणीच्या आधी वावरात दहीभात न्यायचा, चांगल्या पऱ्हाटीला कुंकू लावायचं, पहिल्या कापसाचा धागा तिला बांधायचा. बायकांचं काम, पुरुष त्यात जात नाहीत. नत्थुजीनं घाई लावली. म्हातारा गेला तर सुतकासारखं होईल, सगळं अडकून पडेल, त्यापेक्षा हे एक मोकळं करून टाका. आधीची गाडी काढा, मग मागचीचं बघू. गोदाबाईनं कुरकुरत केलं. बायका दहीभात घेऊन गेल्या, आल्या. संध्याकाळी नत्थुजी निवांत मनानं म्हणाला, की आता काही काळजी नाही, वेळ आली की कोपऱ्यातली थोडी पऱ्हाटी उपटली म्हणजे झालं. तेव्हा गोदाबाईचा हात परातीत थांबला.

सीतादही झालं की वावर बाळंतीण होतं. वेचणी संपेपर्यंत तिथं मढं जात नाही, राख जात नाही. ही गोष्ट वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईला माहीत होती. नत्थुजीनं सारा जन्म तिच्या हातची भाकर खाल्ली, पण ती वावरात जाऊन काय करून येते हे कधी विचारलं नव्हतं.

"मी पुनवेनंतर म्हनत होती," गोदाबाई म्हणाली. भांडणाचा दम आता संपत आला होता. "तुमालेच दम निंगला नाही."

दुपारी नत्थुजी खुशालराव पाटलाकडे गेला. पाटील अंगणात सरकीच्या ढिगावर ताडपत्री ओढून घेत होता. त्यानं बसायला सांगितलं, सुपारी दिली. गायरानातली टेकडी मागितली तर म्हणाला, टेकडी आता कुठं आहे, तिच्यावर माझीच पऱ्हाटी आहे आणि तिचंही सीतादही झालंय. गावठाणात पुरू देणार नाही, गाव ओरडेल. नाल्यावर मसणवटीशेजारी वाटेल तेवढी जागा आहे, तिथं कोणी नाही म्हणत नाही.

"पान्याच्या काठी नको, पाटील."

"मेलेल्या मानसाले बी पसंत-नापसंत असते काय, नाकेदार?" पाटील म्हणाला. वाईट मनाचा नव्हता. खरंच त्याला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नत्थुजी अमरावतीला चालत निघाला. गाडी मिळण्यासारखी नव्हती. साऱ्या वऱ्हाडातल्या गाड्या कापूस भरून अकोल्याच्या रस्त्याला लागल्या होत्या, रेलवर. त्यांची रांग संपता संपेना. दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लागून राहिले होते. त्या रांगेच्या उलट जाताना नत्थुजीचा हात आपसूक सळई शोधत होता.

मठाच्या मागं पूर्वी समाध्यांचं आवार होतं. दौलतगीरबरोबर तो एकदा तिथं येऊन गेला होता. आता तिथं व्यापाऱ्यांच्या कापसाच्या गाठी माणसाहून उंच रचल्या होत्या. समाध्यांचे दगड खाली कुठं तरी असतील. महंत तरुण होता, गोड बोलायचा. जागा वेचणी संपेपर्यंत व्यापाऱ्यांना दिली आहे म्हणाला. शिवाय तुमचा माणूस घरबारी, बायको केलेला, आमच्या परंपरेतला नव्हे. आणि एवढं अडायचं कारण काय? गोसाव्याला जलसमाधीही चालते. नदीला द्या.

नत्थुजीनं त्याला नमस्कार केला आणि परत फिरला. वाटेत तो कुठंच बसला नाही. भगवंत म्हणतो मठ बघेल, मठ म्हणतो नदी बघेल, पाटील म्हणतो नाला. सगळ्यांच्या हातात त्याला तो लांब बांबू दिसत होता, आणि त्यात कोणाचं चुकतंय असं त्याला म्हणता येत नव्हतं. स्वतः इतकी वर्षं हेच केलं होतं.

तो घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं. चूल विझलेली होती, त्यावरूनच त्याला कळलं. दौलतगीर भिंतीला टेकून मांडी घालून बसला होता. हनुवटीखालून फडकं बांधलं होतं, पाठीशी मिठाची गोणी लावली होती. तोंड धुतलेलं होतं. जयवंतानं सांगितलं, की सकाळी तुम्ही शिवेबाहेर गेला असाल नसाल तेवढ्यात गेले. अंग ताठलं की बसवता आलं नसतं, म्हणून मी लगेच बसवलं. बाबाजी नेहमी सांगायचे ना, गोसावी बसून जातो. सासूबाईंनी हात लावला, म्हणून जमलं.

गोदाबाई कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. नत्थुजीला बघून तिनं डोकं वर केलं, काय झालं विचारलं नाही, पुन्हा खाली घातलं.

नत्थुजीनं कुदळ उचलली आणि वावराकडे निघाला.

पऱ्हाटी छातीएवढी उभी होती. बोंडं एवढी फुटली होती, की वावरावर पांढरी चादर घातल्यासारखं दिसत होतं. वरच्या कोपऱ्यात हिवराचा खुंट होता, तिथं पऱ्हाटी खुरटीच होती. मुरमात किती येणार. त्यातल्याच एका झाडाला हळदकुंकू लावून धागा बांधलेला होता. बायकांनी याच झाडाची पूजा केली होती. दौलतगीरनं पेरायला सांगितलेला कोपरा म्हणून जयवंतानं मुद्दाम तेच निवडलं असणार. नत्थुजी धुऱ्यावर उभा राहिला. मागं पावलं वाजली.

"मामाजी," जयवंता म्हणाली. तिला धाप लागली होती. "खना तुमी. मी अडवत नाही."

त्यानं कुदळ खांद्यावरून उतरवली.

"पन सांगून ठेवते. उद्या वेचाले बाया येनार नाही. आताच पार्बताबाईनं इच्यारलं मले, म्हातारा कुठी ठेवनार म्हनून. बायाईले कामाचा दुष्काय नाही यंदा, ज्याच्या त्याच्या वावरात बलावनं हाय. त्या दुसरीकडे जातीन. आपला कापूस भुईवर पडंल." ती थोडी थांबली. "घरात ज्वारी नाही, मामाजी. कनगीच्या तळाले हात लागून राहिला माह्या. यंदा आपन ज्वारीचा एक दाना पेरला नाही. हे वेचलं तंच पोट्टे खातीन."

तिचं म्हणणं बरोबर होतं. ती रडत असती तर त्याला रागवता आलं असतं. तिनं कोरड्या डोळ्यांनी, हिशेब सांगावा तसं सांगितलं आणि धुऱ्याच्या अलीकडेच उभी राहिली. वावरात तिनंही पाय ठेवला नाही. सकाळी तिचे हात मढ्याला लागले होते.

नत्थुजी बराच वेळ त्या धाग्याकडे बघत उभा राहिला. नाल्याच्या काठाचा विचार त्यानं केला. दोन पावसाळे, फार तर तीन. मग काठ खचेल, आणि खालच्या कुठल्या गावी कोणी तरी बांबू घेऊन उभा असेल. जाळलेला माणूस निदान कोणाच्या काठाला लागत नाही. दुसरं काही त्याला सुचलं नाही. त्यानं कुदळ खांद्यावर घेतली.

घरी भगवंत अंगणात उभा होता. काय ठरलं म्हणून पाटलाचा माणूस येऊन विचारून गेला, असं त्यानं सांगितलं. गोदाबाई उठून दाराशी आली. दौलतगीर तसाच ओसरीत बसला होता, बापलेकांचं बोलणं ऐकत असल्यासारखा.

नत्थुजीनं कुदळ जागेवर ठेवली, हातपाय धुतले, पंच्यानं पुसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात सांगितलं.

"भगवंता, लाकडं सांग. नाल्यावर जाळाचं हाय. त्याले आडवा करा." आणि गोदाबाईकडे न बघता, "ते मीठ आत घ्या. सैपाकाले होईल. ओसरी मोकयी झाली का उद्यापासून कापूस इथीच टाका."